प्रचारात उमेदवाराचं बोलणं खरंच सुधारतं का?

पिंपळपार:
आमचा आतेभाऊ नगरपरिषदेला उभा आहे, पहिल्यांदाच. माणूस कामाचा, रात्री दोनला फोन केला तरी दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन हजर, पण हातात माईक आला की त्याचा पार हेडमास्तर होतो. काल कोपरा सभेत सुरुवातच "उपस्थित मान्यवर" अशी, आणि मान्यवर कोण तर मी, मांडववाला आणि दोन कुत्री. मग वीस मिनिटं कागदात बघून सर्वांगीण विकास. अजून बारा दिवस आहेत, तेवढ्यात फरक पडतो का की हे उपजतच असावं लागतं? कोणी जवळून बघितलंय का?

शिकागोकर:
उपजत वगैरे काही नाही हो. ओबामाचंच घ्या. २००० साली इथल्याच काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या) जागेसाठी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, तेव्हाचा खासदार बॉबी रशविरुद्ध उभा राहिला आणि सपशेल आपटला, रशला ६१ टक्के आणि याला ३०. लॉ स्कूलमध्ये शिकवायचा, लोकांसमोरही तसाच लेक्चर दिल्यासारखा बोलायचा. चार वर्षांनी पक्षाच्या बोस्टनच्या अधिवेशनातलं ते गाजलेलं भाषण केलं तोही हाच माणूस. पण एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं असंही नसतं. २०१२ ला अध्यक्ष असताना डेन्व्हरच्या डिबेटला विरोधी उमेदवार रॉम्नीसमोर मान खाली घालून टिपणं काढत बसला होता. त्याआधी तयारीला बसवलं तर मला गृहपाठ करायला लावतात म्हणून कुरकूर, मधेच उठून हूवर धरण बघायला गेला. मग पुढच्या डिबेटआधी व्हर्जिनियात मुक्काम ठोकून सराव, जॉन केरी रॉम्नी बनून समोर उभा, आणि दुसऱ्या वेळी गडी एकदम तयार. ३ ऑक्टोबर ते १६ ऑक्टोबर, म्हणजे तेरा दिवस. तुमच्याकडे बारा आहेत :)

गोंधळी७२:
अहो तिथे सल्लागारांची फौज आणि इथे मांडववाला, कुठे तुलना करताय राव. शिवाय डेन्व्हरला एवढं हसं होऊनही ओबामा निवडून आलाच की. नगरपरिषदेला भाषणावर मतं पडतात हा शहरातल्या लोकांचा गैरसमज आहे, इथे भावकी आणि शेवटच्या दोन रात्री.

माजी_कार्यकर्ता:
गोंधळी, अर्धं बरोबर. पण मी एका वहिनींचा प्रचार केलाय, महिला राखीव वॉर्ड होता म्हणून घरच्यांनी उभं केलेलं. पहिल्या दिवशी कागद थरथरत होता, आम्ही खाली मान घालून उभे. भाषण कोणीच शिकवलं नाही, त्यांना घडवलं ते दारोदार फिरण्याने. आठवडाभर रोज शे-दीडशे उंबरे, प्रत्येक दारात बाई विचारणार पाण्याचं काय, आणि लांबण लावलं तर ती सरळ कुकर बघायला आत जाणार. म्हणजे अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायची सवय आपोआप लागते. दहाव्या दिवशी सभेत त्या म्हणाल्या, "नळ पहाटे साडेतीनला येतो, तेव्हा उठतं कोण? आपणच ना?" समोरच्या बायका एकदम हसल्या, मागे रिक्षात बसलेला भोंगेवाला पण वळून बघायला लागला. साडेतीन हा आकडा आमच्या कोणाच्या डोक्यातला नव्हता, तो एका आजींनी दारात ऐकवलेला. ६१ मतांनी पडल्या ती गोष्ट वेगळी.

तुमच्या भावाला कालचा व्हिडिओ दाखवा, एकट्याला दाखवा, चार पोरांसमोर नको. आणि कागद काढून घ्या.

गोंधळी७२:
बघा, पडल्याच ना.

माजी_कार्यकर्ता:
पडल्या, पण त्या वॉर्डात एवढी मतं मिळतील असं त्यांच्या सासऱ्यांनाही वाटलं नव्हतं.

पिंपळपार:
अपडेट देतो. परवा रात्री व्हिडिओ दाखवला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाला बंद कर. कागद नसेल तर बोलू काय म्हणे, तर म्हटलं वायरमनला फोनवर बोलतोस तसंच बोल, शिव्या तेवढ्या वगळ. आजची सभा सहा मिनिटांत आटोपली. मधेच एका आजीने गटारीचं विचारलं तर हा पठ्ठ्या माईक मांडववाल्याच्या हातात देऊन तिच्याजवळ गेला आणि तिथेच उभ्या उभ्या बोलत बसला, मागच्यांना काही ऐकू आलं नाही पण उठून कोणी गेलं नाही. "उपस्थित मान्यवर" मात्र अजून सुटत नाहीये.