कॅथेटर असूनही आजोबांची रात्रभर तळमळ

प्रश्न: टीयूआरपीनंतरची (मूत्रमार्गातून प्रोस्टेट खरवडण्याचं ऑपरेशन) पहिली रात्र. थ्री-वे कॅथेटर (तीन तोंडांची लघवीची नळी), सलाइनचं इरिगेशन (मूत्राशय सतत धुणं) चालू. आजोबा "लघवीला लागलीय" म्हणत सारखे उठतात, नळी ओढतात. झोपेचं इंजेक्शन मागावं का?

उत्तर १: आधी नळी बघा. पिशवीत येणं थांबलंय, ओटीपोट टणक लागतंय? मग बहुधा रक्ताची गुठळी अडकलीय. इरिगेशन लगेच बंद करा, नाहीतर मूत्राशय ताणतच जाईल. नळी मांडीखाली दबलीय का, पिळलीय का ते पाहा. तरी सुटलं नाही तर डॉक्टरांना कळवा आणि त्यांच्या ऑर्डरनुसार ५० मिलीच्या कॅथेटर-टिप सिरिंजने निर्जंतुक सलाइन हळू घालून गुठळ्या ओढून काढा. झोपेच्या इंजेक्शनाने हे सगळं झाकलं जातं, म्हणून ते नकोच.

उत्तर २: निचरा नीट असेल तर ती मूत्राशयाची कळ, कॅथेटरच्या टोकाचा फुगा आतून दाबतो. "आजोबा, लघवी आपोआप जातेय, कुंथू नका," असं शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगा. कुंथल्याने रक्तस्राव वाढतो. कळेवरचं औषध मागा. ट्रॅक्शन (रक्तस्राव दाबायला नळी ताणून बांधणं) दिलं असेल तर स्वतःहून सोडू नका.

उत्तर ३: नवा गोंधळ, मळमळ, मंद नाडी दिसली तर रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.