मदत हवी आहे: दुधीची कोवळी फळं पिवळी पडून गळतात

गॅलरीतली_सई
दुधीचा वेल ग्रिलभर चढलाय, फुलंही भरपूर, पण फळ काही धरेना. बोटाएवढं होतं, पिवळं पडतं, मऊ होऊन गळतं. शेणखत, कंपोस्ट सगळं घालून झालं. एकदा पाऊस लागला की इथे ऊनच येत नाही, त्याआधी उपाय हवाय. कोणीतरी लवकर सांगा प्लीज.

मातीकाम
कुंडी केवढी? ऊन किती? पाणी कधी घालता? काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय?

कांदिवलीकर
बोरॉन कमी पडतंय. माझ्या टोमॅटोची फुलं अशीच गळायची. बोरॉन फवारा, डोळे मिटून.

शुभदा_के
कांदिवलीकर, टोमॅटोचं दुधीला लावू नका. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, वाऱ्याने हललं तरी काम होतं. मेमध्ये आपल्याकडे ती फुलं गळतात ती बहुधा रात्रीच्या उकाड्याने. दुधीची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. सई, संध्याकाळी गॅलरीत पतंग, किडे येतात का?

अण्णा_गिरगाव
जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग. लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल, थोडा साबण, ऊन उतरल्यावर फवारायचं. पानांच्या खालच्या बाजूनेही.

गॅलरीतली_सई
अण्णा, जास्वंद नाहीये हो माझ्याकडे! 20 लिटरची बादली आहे, ऊन दुपारी बारानंतर, पाणी सकाळी. आणि शुभदाताई, किडे कसे येणार? बारावा मजला, त्यात डासांमुळे पाच वाजताच मच्छरजाळी ओढून घेते. त्याचा दुधीशी काय संबंध?

शुभदा_के
अगं, तोच तर संबंध! दुधीचं फूल उमलतंच संध्याकाळी आणि सकाळी मान टाकतं. नेमकं तेव्हाच तू जाळी लावतेस. पराग मादीपर्यंत पोचत नाही, म्हणून फळ गळतं.
आता हाताने कर. लांब, बारीक देठावरचं ते नर. मादीच्या खाली लव असलेला इवलासा दुधी आधीपासूनच दिसतो. दिवेलागणीला ताजं नर फूल तोड, पाकळ्या काढ आणि मधला परागाचा भाग मादीच्या मध्यावर हलकेच फिरव. पिवळी पूड चिकटलेली दिसली पाहिजे.

कांदिवलीकर
तरी बोरॉन द्याच. नुकसान तर नाही ना!

शुभदा_के
नुकसान आहे. बोरॉन जरा जास्त झालं तरी पानांच्या कडा करपतात. एका बादलीला अंदाजाने देऊच नये.

मातीकाम
मी तर शेंडा खुडा म्हणतो. बाजूच्या फुटव्यांवर मादी फुलं जास्त येतात.

शुभदा_के
मादी फुलं येतायत की तिच्याकडे. आत्ता खुडलं तर नवे फुटवे येईपर्यंत पाऊस लागायचा, कशाला? कंपोस्ट मात्र थांबव सई, नुसता पाला वाढेल. आणि या उन्हात बादली संध्याकाळीही बोट घालून बघ. माती कोरडी लागली तर पाणी घाल.

गॅलरीतली_सई
आज एक मादी फूल उमलायच्या बेतात आहे. नर किती लागतील?

शुभदा_के
एक ताजं पुरे. दोन असतील तर दोन्ही वापर. फळ धरलं तर काही दिवसांतच फुगायला लागतं. मग त्याला कागदाची पिशवी बांध, फळमाशी डंख मारते.

अण्णा_गिरगाव
मोगऱ्याचा बहर ओसरलाय. छाटणी आत्ता करू की पाऊस पडल्यावर?