ग्रह शिकवताना : तक्त्यातली सूर्यमाला आणि मैदानावरची सूर्यमाला

गेली एकोणीस वर्षे मी नागपुरातील एका शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. ग्रहांचा विषय आला की कपाटातून सूर्यमालेचा तक्ता काढून फळ्याशेजारी टांगायचा आणि बुधापासून नेपच्यूनपर्यंतची नावे क्रमाने पाठ करून घ्यायची, असा माझा शिरस्ता होता. दोन वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीने तक्त्यावर बोट ठेवून विचारले, "मॅडम, एवढे खेटून खेटून आहेत, तर हे एकमेकांवर आदळत काहून नाहीत?" तिचा प्रश्न रास्त होता. तक्त्यात गुरू मंगळाला जवळजवळ टेकलेला होता आणि ती जे दिसत होते तेच वाचत होती. चूक चित्राची होती, आणि ते चित्र वर्षानुवर्षे मीच टांगत आले होते.

पुढच्या आठवड्यात मी डब्यासोबत एक संत्रे घेऊन गेले. त्याचा व्यास बरोबर ७ सेंटिमीटर होता. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर असल्यामुळे १ सेंटिमीटरला २ लाख किलोमीटर असे सोपे प्रमाण मिळाले. या हिशेबात पृथ्वी म्हणजे खसखशीचा एक दाणा, आणि तो संत्र्यापासून साडेसात मीटरवर ठेवावा लागतो. गुरू म्हणजे एक वाटाणा, अंतर ३९ मीटर. नेपच्यून मोहरीहून किंचित मोठा, पण अंतर तब्बल २२५ मीटर! दाणे पांढऱ्या पोस्टकार्डांवर डिंकाने चिकटवले आणि एकेक कार्ड एकेका मुलाच्या हाती देऊन पावले मोजत त्यांना उभे केले. मंगळापर्यंतची मुले संत्र्याभोवतीच राहिली, गुरू मैदानाच्या मध्यावर गेला, शनी भिंतीशी पोहोचला आणि युरेनस व नेपच्यून यांना फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेने पाठवावे लागले. नेपच्यूनचे कार्ड मी मुद्दाम त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला दिले होते आणि सोबतीला शाळेतल्या शिपाईकाकांना पाठवले होते. परत आल्यावर ती म्हणाली, "तिथून तर संत्रं दिसतच नव्हतं, मॅडम. नुसतं टिंब." नेपच्यूनवरून सूर्यही असाच, अत्यंत तेजस्वी पण टिंबाएवढा दिसतो, हे मग वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. जाता जाता मुलांनी सर्वांत जवळच्या ताऱ्याचे अंतर विचारले. याच प्रमाणात तो सुमारे २,००० किलोमीटरवर येतो. नागपूरहून सरळ रेषेत कन्याकुमारी साडेचौदाशे किलोमीटर आहे. म्हणजे शेजारचा तारा श्रीलंकाही ओलांडून समुद्रात ठेवावा लागेल.

ग्रहांविषयी शिकवताना मुलांचा गैरसमज नेमका कुठे होता आणि तो कशाने दूर झाला, हे आपणही सविस्तर लिहावे, ही विनंती.

आलेली उत्तरे :

निवृत्त शिक्षक, धरमपेठ

मॅडम, आपण सांगितलेला अंतराचा गैरसमज मला आकाशातच भेटला. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी एकमेकांपासून जेमतेम एक दशांश अंशावर आले होते. शाळा बंद होत्या, म्हणून मी विद्यार्थ्यांना फोन करून सूर्यास्तानंतर गच्चीवरून नैर्ऋत्येकडे पाहायला सांगितले. माझ्या लहान दुर्बिणीच्या एकाच दृष्टिक्षेत्रात शनीची कडी आणि गुरूचे चंद्र एकत्र दिसत होते, ते दृश्य मी आयुष्यभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बहुतेक मुलांनी लिहून पाठवले की दोन्ही ग्रह "जवळ आले". त्या रात्री गुरू आपल्यापासून सुमारे ८९ कोटी आणि शनी १६२ कोटी किलोमीटरवर होता. मग मी फोनवरच मुलांना एक डोळा मिटून जवळचा अंगठा आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी एका रेषेत आणायला सांगितले. अंगठा टाकीला टेकला का, एवढेच विचारले. निरीक्षणापाठोपाठ हा प्रश्न विचारला नाही, तर निरीक्षणातूनही चुकीचेच शिकले जाते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

शिक्षिका, कामठी रस्त्यावरील शाळा

आमच्याकडे शनीचे नाव काढताच वर्ग गप्प होतो. आठवीतल्या एका मुलाच्या घरी साडेसाती असल्याचे सांगितले गेले होते आणि तो शनीचे चित्रसुद्धा वहीत काढायला तयार नव्हता. मी श्रद्धेवर काहीच बोलले नाही, फक्त फळ्यावर गणित मांडले. शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत ती वाटली की एका राशीला अडीच वर्षांच्या जवळपास येतात, आणि साडेसातीत धरल्या जाणाऱ्या तीन राशींची साडेसात होतात. हा शेवटचा गुणाकार त्यानेच उठून केला. "म्हणजे तो आपल्या घरावर बसत नाही, फक्त हळू चालतो," असे तो म्हणाला आणि त्या दिवशी त्याने कड्यांसह शनी काढला. मला तो गुणाकार कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा वाटतो.

एक पालक, मानेवाडा

मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, मुलीने ठासून सांगितले की सर्वांत तापलेला ग्रह बुधच असणार. मी तिला उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीचे दार उघडायला लावले. शुक्राचे कार्बन डायऑक्साइडचे दाट वातावरण उष्णता अशीच कोंडून ठेवते, म्हणून तिथे सुमारे ४६५ अंश तापमान असते. बुधाला वातावरण जवळपास नाहीच, त्यामुळे त्याची रात्र उणे १८० अंशांपर्यंत गार पडते.

विशेष शिक्षिका

माझे विद्यार्थी दृष्टिहीन आहेत, त्यामुळे तक्त्याने त्यांची दिशाभूल कधी केली नाही, पण दुसरे काही दाखवायला साधनही नव्हते. मी सुतळीचा गुंडा आणून गाठी मारल्या. पृथ्वीचे अंतर एक हात धरले, तेव्हा बुध व शुक्राच्या गाठी त्याच्या आत, मंगळाची दीड हातावर, गुरूची पाचच्या थोडी पुढे, शनीची साडेनऊवर, युरेनसची एकोणीसवर आणि नेपच्यूनची तीस हातांवर आली. पहिल्या चार गाठी मुलांच्या बोटांना लागोपाठ लागल्या. मंगळानंतर एक मुलगा सुतळी सरकवत राहिला, थांबला, पुन्हा सरकवत राहिला. "बाई, गाठ मारायची राहिली का?" त्याने विचारले. मी म्हटले, "नाही रे, अजून पुढे जा." व्हरांड्याच्या टोकाशी अखेरची गाठ हाताला लागली, तेव्हा ती मुठीत धरून तो बराच वेळ तिथेच उभा होता.