कर्णाचे द्वंद्व
कर्णाने केवळ मित्राच्या उपकारापोटी अधर्माची बाजू धरली, हे मत मला अपुरे वाटते. महाभारताच्या उद्योगपर्वात कृष्ण त्याला तो कुंतीचा ज्येष्ठ पुत्र असल्याचे जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण दुर्योधनाच्याही आधी आपल्याला वाढवणाऱ्या अधिरथ आणि राधेचे नाव घेतो. सूतकुळातली ही नाती सोन्याच्या राशींसाठीही तोडता येणार नाहीत, असे सांगतो. पुढची विनंती अधिकच चटका लावणारी आहे : हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. म्हणजे आपल्या पक्षाचा पराभव ओळखून असलेला, पांडवांना बोललेल्या कठोर शब्दांनी पोळणारा हा माणूस राज्य धर्मराजाकडेच जावे असे इच्छितो आणि तरीही त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलतो.