मुलांना पिठोराची रंगीत गावं दाखवायचीत, बडोद्याहून एका दिवसात जमेल का?

दांडियाबाजारकर
नाताळच्या सुटीत मुलांना (वय ६ आणि ११) छोटा उदेपूरकडची राठवा आदिवासींची गावं दाखवायची आहेत. पिठोरा म्हणजे त्यांची भिंतीवरची चित्रं. फोटोंत घोड्यांनी भरलेल्या लाल-पिवळ्या भिंती दिसतात. नेमकं कोणतं गाव धरावं? गाडी आपली आहे, रात्री जेवायला घरी परत यायचं आहे. धाकट्याला गाडी लागते.

ओरसंगकाठ
मुलांना निघायच्या आधीच एक गोष्ट सांगून ठेवा. गल्लीच्या दोन्ही बाजूंना रंगवलेली घरं, असं तिथे काही दिसत नाही. राठवांची घरं शेतांमधून विखुरलेली असतात, थोड्या थोड्या घरांचा एकेक फळिया. बाहेरून माती, बांबू आणि कौलं. रंग सगळा आत. ओसरीत शिरलं की समोरची भिंत आणि तिला लागून असलेल्या दोन बाजूंच्या भिंती, पिठोरा तिथे असतो. तोही प्रत्येक घरात नसतो. नवस बोललेला असतो आणि तो फेडायची ऐपत झालेली असते, त्या घरी. म्हणजे ती देवाची भिंत आहे आणि घर नांदतं आहे. गाडी थांबवून दिसेल त्या घरात डोकावणं बरं नाही.

म्हणून एखादं गाव धरण्यापेक्षा तेजगढ धरा. बडोद्याहून डभोई, बोडेली, पावी जेतपूर, तेजगढ असा साधारण ९० किलोमीटरचा रस्ता आहे. मुलांसह सव्वादोन ते अडीच तास धरा. तेजगढला ‘भाषा’ नावाच्या संस्थेची आदिवासी अकादमी आणि तिचं ‘वाचा’ संग्रहालय आहे. दोन-चार दिवस आधी फोन करून संग्रहालय उघडं आहे का ते विचारा, आणि जवळच्या फळियातलं एखादं ओळखीचं घर सुचवता येईल का तेही विचारा. हा फोन न करता गेलेली मंडळी बहुधा रस्त्यावरूनच कौलं बघून परत येतात.

सकाळी साडेसहाला निघा. धाकट्याला निघताना सेव-उसळ नको, कोरडा खाकरा किंवा पोळीचा रोल द्या आणि बोडेलीला अर्धा तास उतरवा. स्वच्छतागृहही तिथेच उरकून घ्या, पुढे भरवसा नाही. डिसेंबरात हवा छान असते. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र भारज नदीवरचा रस्ता चालू आहे ना, हे विचारूनच निघावं.

लाखेचा_लाटू
गाडी लागत असेल तर रेल्वेचाही विचार करा. बडोद्यातल्या प्रतापनगरपासून छोटा उदेपूरपर्यंत लाइन आहे, तेजगढला स्टेशन आहे. गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघा आणि मग जाण्याची ठरवा. मोठ्या मुलाला वाटेत डभोईबद्दल सांगण्यासारखं आहे: १८६२ मध्ये गायकवाडांनी डभोई ते मियागाम अशी नॅरोगेज लाइन टाकली, भारतातली पहिली, आणि सुरुवातीला डबे बैल ओढत.

गाडीनेच गेलात तर परतताना लाखेच्या लाकडी फर्निचरच्या संखेड्याला वळा. डभोई-बोडेलीच्या दरम्यान थोडं आत आहे. खरादावर (लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावर) फर्निचरचा सागाचा पाय फिरत असतो, कारागीर त्याच्यावर लाखेची कांडी दाबून धरतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर बसतो. कथलाची रुपेरी नक्षी वरून पारदर्शक लाख चढली की सोनेरी दिसायला लागते. मुलं हे बघत उभी राहतात. खरादापासून दोन हात लांब ठेवा, सैल ओढणी किंवा मफलर काढून ठेवा.

कौलारू
भिंतीसमोर गेल्यावर मुलं पाच मिनिटांत “झालं, चला” म्हणतात, कारण एकदम सगळं दिसतं आणि काहीच दिसत नाही. त्यांना शोधायला लावा. आधी चौकट बघा. खालच्या बाजूला ती तुटलेली असते, ती वेस. तिथून आत शिरायचं. मधली घोड्यांची रांग देवांची. पिठोरा, राणी काजल आणि बाकीचे देव त्या घोड्यांच्या रूपाने आलेले असतात. मग बारा डोक्यांचा शोधा, एका पायाचा शोधा, सुपाएवढ्या कानांचा शोधा. विहीर, नांगरणारा शेतकरी, माकडं, उंट, वाघ. काही घरांत आगगाडी किंवा विमानही असतं, कारण आजूबाजूच्या जगात जे आलं ते भिंतीवर यायला हरकत नाही. सगळ्या भिंती सारख्या नसतात, म्हणून दोन घरं बघायला मिळाली तर तुलना करू द्या. एखाद्या कोपऱ्यात स्त्री-पुरुषाची जोडीही असते. मोठ्या मुलाने विचारलं तर सरळ सांगावं की सृष्टी यांच्यापासून वाढते, म्हणून तेही देवाच्या भिंतीवर आहे.

रंगवणाऱ्याला लखारा म्हणतात. आधी भिंत शेणामातीने आणि पांढऱ्या मातीने सारवतात, ते काम कुमारिकांचं. रंग दुधात आणि महुड्याच्या (मोहाच्या) दारूत कालवतात. दुधाने रंग जेमतेम धरतो. पाठीवरचं दप्तर घासलं तरी घोड्याचा पाय जातो. दप्तरं ओसरीबाहेर, चपला बाहेर, भिंतीपासून हातभर अंतर.

दांडियाबाजारकर
खूपच उपयोगी माहिती, धन्यवाद. फोटो काढले तर चालतं का? आणि पैसे द्यावेत की नाही? सोमवारी कवांटचा हाट असतो म्हणतात, तो जोडावा का?

ओरसंगकाठ
फोटो विचारूनच. “काका, पिठोरो जोवा आवीए?” (पिठोरा बघायला येऊ का?) एवढ्याने बोलणं सुरू होतं, गुजराती बहुतेकांना कळतं. फ्लॅश नको, ओसरीत अंधार असतो, फ्लॅशने मधोमध पांढरा डाग येतो आणि बाकीचं काळं. दाराच्या बाजूला तिरपं उभं राहून काढा. घरच्या माणसांचा फोटो वेगळा विचारा.

पैसे घरच्या कर्त्या माणसाच्या हातात, जाताना. तिथल्या मुलांना चॉकलेटं वाटू नका, पुढच्या पाहुण्याच्या मागे ती धावत सुटतात. त्यापेक्षा लखाऱ्याकडून कापडावरचं एखादं छोटं चित्र थेट विकत घ्या. या कलेला किती मान आहे हे मुलांना सांगायचं तर कवांटचे परेश राठवा: २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कवांट आणि तेजगढ एका दिवसात सहा वर्षांच्या मुलाला जड जाईल. हाटच बघायचा असेल तर छोटा उदेपूरचा शनिवारचा जवळ पडतो. सकाळी तेजगढ, अकराच्या सुमारास हाट, दीडपर्यंत बाहेर. मडकी, दागिने, तीर-कामठे सगळं मांडलेलं असतं. आणखी एक, वाटेत झाडाखाली मातीचे घोडे रांगेने ठेवलेले दिसले तर ती नवसाची ठिकाणं आहेत. पडलेला, मोडलेला घोडासुद्धा मुलांनी उचलू नये.

कौलारू
कोणाच्या घरी त्याच दिवशी पिठोऱ्याचा विधी चालू असेल आणि बोलावणं आलं तर लहान मुलांना घेऊन रात्री थांबू नका. बडवा (पुजारी) येतो, अंगात येतं, ढोल चालू असतात आणि बोकड कापतात. दिवसा सारवण आणि पहिल्या रेघा बघून निघा.

लाखेचा_लाटू
परत आल्यावर मुलं लगेच रंगवायला मागतील. दोन बाय दोन फुटांचा जाड पुठ्ठा घ्या. ४ मोठे चमचे खडूची पूड, १ चमचा फेव्हिकॉल, ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. दोन पातळ हात, मध्ये तासभर वाळू द्या. एकच जाड हात दिला की वाळताना तडे जातात, आणि फेव्हिकॉल कमी पडलं की पूड बोटाला लागते. पुठ्ठा वाकू नये म्हणून मागच्या बाजूलाही एक हात मारा. वर पोस्टर कलर, आणि कुंचल्याऐवजी टोक ठेचलेली बांबूची काडी. दूध घालायचा मोह टाळा, बंद खोलीत दुसऱ्या दिवशी वास सुटतो. मोठ्याला चौकट आणि वेस आखू द्या, धाकट्याला घोड्यांच्या अंगावर बोटाने ठिपके द्यायला बसवा.