नर्स प्रॅक्टिशनर आणि पीए: लहान मुलं तपासण्याआधी एक वर्षाचं वेगळं प्रशिक्षण सक्तीचं हवं का?

रात्रपाळी

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं. अमेरिकेत डॉक्टरांखेरीज आणखी दोघं जण रुग्ण तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात. एक नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी: नर्सिंगची पदवी आणि त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट. दुसरे फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए: पदवीनंतर साधारण २७ महिन्यांचा, डॉक्टरकीच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम. मी पीए आहे. सध्या मुलांच्या हॉस्पिटलात, इमर्जन्सीला.

माझ्या २७ महिन्यांत बालरोगाच्या वाट्याला पाच आठवडे आले. ऑक्टोबर महिना होता. कान दुखणं, लशी, शाळेचे फॉर्म. परीक्षा पास झाले, लायसन्स मिळालं आणि थेट एका अर्जंट केअरमध्ये, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय चालणाऱ्या दवाखान्यात, लागले. दुसऱ्याच आठवड्यात रात्री १९ दिवसांचं बाळ आलं. उलट्या करत होतं. ताप नाही, पोट मऊ. मी मनात दूध वर येतंय असं ठरवून टाकलं होतं, आईला दूध पाजल्यावर बाळाला उभं धरायला सांगतही होते. आईने खांद्यावरचा फडका पुढे केला, "हे असं पडतंय." आमच्या जुन्या नर्सने तो हातातून घेतला, दिव्याखाली धरला आणि मला बाजूला बोलावून म्हणाली, "हा रंग हिरवा आहे. हे पित्त आहे. ॲम्ब्युलन्स बोलव."

आतड्याला पीळ पडला होता. अशा वेळी काही तासांत आतडं काळं पडतं. त्या रात्रीच ऑपरेशन झालं, बाळ वाचलं. ते त्या नर्समुळे वाचलं, माझ्यामुळे नाही. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आतड्याचा पीळ, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण फडक्यावर कधी पाहिलेलं नव्हतं.

मग मी नोकरी सोडली आणि एका मुलांच्या हॉस्पिटलात १२ महिन्यांची फेलोशिप, म्हणजे पदवीनंतरचं पगारी प्रशिक्षण, केली. पगार जवळजवळ निम्म्यावर आला. पहिल्या महिन्यात आम्हाला मुलाला हातच लावू देत नसत. दारात उभं राहायचं, अर्धा मिनिट बघायचं आणि सांगायचं, मूल आजारी दिसतंय की नाही. मग मागून डॉक्टर आत येऊन तेच करायचे. रोज पंधरा-वीस मुलं. डोळा असा तयार होतो. लहान मुलाचं ब्लडप्रेशर अगदी शेवटपर्यंत टिकून राहतं आणि मग एकदम कोसळतं, तोवर आकडे बघत बसलात तर उशीर झालेला असतो.

म्हणून माझं म्हणणं: एनपी असो वा पीए, ज्यांना मुलं तपासायची आहेत त्यांना पदवीनंतर एक वर्षाचं, देखरेखीखालचं बालरोग प्रशिक्षण सक्तीचं करावं. आज ते ऐच्छिक आहे आणि जागा फार थोड्या आहेत.

कोलोरॅडोकर

अनुभव वाचून काटा आला. पण निष्कर्षाशी असहमत. तुम्ही एनपी आणि पीए एकाच दावणीला बांधलेत.

एनपी हा पेशाच मुळात मुलांसाठी सुरू झाला. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला कार्यक्रम काढला, तो बालरोगाचाच. मोठ्यांसाठीचे एनपी नंतर आले. आजही पीडियाट्रिक एनपीचं शिक्षण आणि परीक्षा फक्त मुलांच्या आरोग्यावर असते, त्यातही प्राथमिक आणि ॲक्यूट (गंभीर आजारांची) अशा दोन वेगळ्या शाखा आहेत. त्या शिक्षणाआधी मी नऊ वर्षं एनआयसीयूमध्ये, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, रात्री काढल्या. हिरवी उलटी मला कुणी शिकवायला नको होती. आता मला म्हणणार की अजून एक वर्ष अर्ध्या पगारावर शिका? डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, घरात दोन मुलं. ही सक्ती झाली असती तर मी या पेशात आलेच नसते.

पीएचं वेगळं आहे. त्यांची पदवी सगळ्यांसाठी एकच, आज हाडांच्या डॉक्टरकडे, उद्या बालरोगात. तिथे तुमचा मुद्दा लागू पडतो.

रात्रपाळी

@कोलोरॅडोकर, ताई, तुमच्या नऊ वर्षांपुढे माझे पाच आठवडे काहीच नाहीत, हे मान्य. पण सगळे एनपी तुमच्यासारखे नाहीत. आता वॉर्डात एकही वर्ष न काढता सरळ एनपी होता येतं. एनपीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे किमान तास बरीच वर्षं ५०० होते, २०२२ च्या नव्या मानकांत ते ७५० झाले. आणि गावोगावी मुलं तपासणारे बरेच जण पीडियाट्रिक एनपी नसतातच, फॅमिली एनपी असतात. त्यांचे तास आजी-आजोबांपासून बाळापर्यंत सगळ्यांत वाटले जातात. मुलांच्या वाट्याला किती उरत असतील?

पीएंचंही एक सांगते. त्याच कोलोरॅडोत सिल्व्हर यांनीच साठच्या दशकाच्या शेवटी चाइल्ड हेल्थ असोसिएट नावाचा कार्यक्रम काढला होता, मुलांवर भर देणारा, तीन वर्षांचा. म्हणजे मुलांसाठी वेगळा वेळ द्यावा लागतो, हे तेव्हाच ओळखलं होतं.

जुना बालवैद्य

मी मुंबईत एमडी केलं आणि इथे येऊन पुन्हा तीन वर्षं बालरोगाची रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, केली. दुसऱ्यांदा करतानाही दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत रात्री दोन वाजता फोन वाजला की पोटात गोळा यायचा. बारा महिन्यांत काय होतं हे मला ठाऊक आहे. बारा महिन्यांत आत्मविश्वास येतो. आपल्याला काय येत नाही ते कळायला पुढची दोन वर्षं लागतात. त्यामुळे धागाकर्तीचा हेतू चांगला असला तरी मला या फेलोशिपचीच भीती वाटते. "मी बालरोगात फेलोशिप केली आहे" असं सांगितल्यावर आईबापांना काय समजतं? डॉक्टरांच्या बाबतीत फेलोशिप म्हणजे रेसिडेन्सीच्याही पुढचं शिक्षण. एकाच नावाच्या दोन इतक्या वेगळ्या गोष्टी दवाखान्याच्या दारावर नकोत.

दुसरं, मूळ दुखणं कुठे आहे ते बघा. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याच्या देशव्यापी प्रक्रियेत, बालरोग रेसिडेन्सीच्या अडीचशेच्या आसपास जागा रिकाम्या राहिल्या. का? मुलांच्या डॉक्टरला मोठ्यांच्या डॉक्टरपेक्षा कमी मिळतं. इथल्या मुलांचा मोठा हिस्सा मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावर, आहे आणि मेडिकेड त्याच कामाचे मेडिकेअरपेक्षा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यापेक्षा, कमी पैसे देतं. ते दर वाढवले तर डॉक्टर येतील. ते करायचं सोडून रात्रीच्या पाळ्या भरायला निम्म्या पगाराचे फेलो घ्यायचे, हा हॉस्पिटलांचा हिशेब मला दिसतो.

चिमणीची आई

मी नेब्रास्कात राहते. जवळचा बालरोगतज्ज्ञ ९० मैलांवर. गावात एकच दवाखाना आणि त्यात एक पीए.

गेल्या जानेवारीत माझी मुलगी सात महिन्यांची होती. सर्दी, खोकला, दूध पीत नव्हती. त्याने तिचा झबला वर केला, हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पूर्ण एक मिनिट तिची छाती बघत बसला. काही बोलला नाही. मग म्हणाला, ६८. फासळ्यांखाली खड्डा पडतोय, बघा, आणि माझं बोट धरून तिथे ठेवलं. आरएसव्ही, म्हणजे श्वासमार्गाचा एक विषाणू, निघाला. ऑक्सिजन लावून गाडीत घालेपर्यंत तो तिच्यापासून हलला नाही.

त्याने कुठलीही फेलोशिप केलेली नाही. तुम्ही वर्षभराची सक्ती केलीत तर हे वर्ष कुठे होणार? मोठ्या शहरातल्या मुलांच्या हॉस्पिटलात. तिथे शिकलेला माणूस तिथेच घर घेतो, तिथेच लग्न करतो. आमच्याकडे कोण येणार? तुम्ही सगळे चांगला की अधिक चांगला यावर बोलताय. आमच्यापुढे प्रश्न कुणीतरी की कुणीच नाही, असा आहे.

वैनगंगा

मी इथला नाही, विदर्भातला. पण राहवलं नाही म्हणून लिहितो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत काय केलं ते आठवा. गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायला आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायलासुद्धा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. या बायकांकडे कुठली पदवी होती? किती वर्षं शिकलात यापेक्षा नेमकं काय शिकलात हे मोठं.

जुना बालवैद्य

@वैनगंगा, बंग दांपत्याच्या कामापुढे मीही हात जोडतो. पण ते उदाहरण नीट बघा. त्या बायकांचं काम मुद्दाम अरुंद ठेवलं होतं. वय ठरलेलं: पहिला महिना. लक्षणांची यादी ठरलेली, औषध ठरलेलं, आणि कामावर सतत देखरेख. "समोर येईल ते मूल, येईल तो आजार, एकटीने निस्तर" असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अर्जंट केअरमध्ये रात्री एकटी बसवलेली नवी पीए नेमकं तेच करत असते. तिच्या मागे कोण उभं होतं? नशिबाने एक नर्स.

हिशेबनीस

मी हॉस्पिटलच्या प्रशासनात आहे, तेव्हा पैशाचं बोलतो. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीला मेडिकेअरमधून पैसे मिळतात, मुलांच्या हॉस्पिटलांसाठी १९९९ पासून वेगळा केंद्रीय निधीही आहे. एनपी-पीएच्या फेलोशिपना त्यातलं काही नाही, बहुतेक ठिकाणी हॉस्पिटल स्वतःच्या खिशातून चालवतं. म्हणून जागा चार-दोनच असतात, आणि म्हणूनच काही ठिकाणी शिकवणं कमी आणि पाळ्या जास्त. मान्यता घेणंही ऐच्छिक. पैसे कोण देणार ते न सांगता सक्ती केलीत तर वाईट फेलोशिप वाढतील, चांगल्या नाही.

कोलोरॅडोकर

हिशेबनीसांशी सहमत. पीएंसाठी बालरोगाचं वेगळं जादा प्रमाणपत्र आहेच: अनुभवाचे तास भरायचे, परीक्षा द्यायची. काम करता करता होतं, पगार बुडत नाही. ते सक्तीचं करा हवं तर.

रात्रपाळी

ते प्रमाणपत्र अनुभव घेतल्यानंतर मिळतं, ताई. माझी भीती त्याच्या आधीच्या महिन्यांची आहे. अनुभव कुणाच्या बाळावर घ्यायचा?

तरी दोन गोष्टी मागे घेते. मुलांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काढलेल्या नर्सला पुन्हा निम्म्या पगारावर बसवणं अन्याय आहे, तिला सूट हवी. आणि हे वर्ष शहरातल्या हॉस्पिटलातच होईल असं मी मनात धरून चालले होते, तेही चुकीचं होतं. पण पहिलं वर्ष एकटं सोडायचं नाही आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ दुसऱ्या जाणत्या माणसाने पाहिल्याशिवाय घरी पाठवायचं नाही, यावरून मी हटणार नाही. डॉक्टर, तुमच्या तीन वर्षांना पर्याय म्हणून हे मागत नाहीये. आज जिथे शून्य आहे तिथे एक मागतेय.

@चिमणीची आई, तुमच्या पीएने मिनिटभर श्वास मोजायला कुठे शिकलं, विचाराल का त्याला? मला खरंच हवंय ते.

चिमणीची आई

आज विचारलं. त्याच्या पहिल्या दोन वर्षांत दवाखान्यात एक म्हातारे फॅमिली डॉक्टर होते. रोज संध्याकाळी सहाला दोघं बसायचे आणि दिवसभरात पाहिलेल्या प्रत्येक मुलाचा कागद काढायचे. "श्वास किती? मोजलास की अंदाज?" हा पहिला प्रश्न. अंदाज म्हणाला तर ते त्याच्यासमोर त्या घरी फोन लावायचे, मूल कसं आहे म्हणून.

ते डॉक्टर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमचा पीए उन्हाळ्यात त्याच्या आईवडिलांकडे, दुसऱ्या राज्यात चाललाय. त्याच्या जागी नुकतीच पास झालेली मुलगी येतेय. ती आली की संध्याकाळी सहाला तिच्यासमोर कोण बसणार, हे विचारायला मी सोमवारी दवाखान्याच्या ऑफिसात जाणार आहे.