सोलापूरची चव तुम्हाला कुठं भेटली? अनुभव लिहा

गेल्या शनिवारी पुण्याहून भाचा आला होता. जेवताना म्हणाला, "मामा, सोलापूरचं म्हणून एकच काय खाऊ?" मी लगेच शेंगा चटणी म्हणालो आणि दुकानातलं पाकीट फोडून ताटात वाढलं. त्यानं बोटानं चाखली, "छान आहे" म्हणाला आणि पोळीकडे वळला. ते "छान" मला रात्रभर टोचत राहिलं. चटणीबरोबर जे यायला हवं होतं, ते ताटात आलंच नव्हतं.

म्हणून हा धागा. हॉटेलांची यादी नको. स्वतः खाल्लेलं, पाहिलेलं लिहा. कुठल्या गल्लीत, कुणाबरोबर, कुठल्या वेळी.

बाळीवेसकर

पाकिटापाशीच घोळ झाला, मामा. चटणी उखळातलीच पाहिजे.

आमच्या वाड्यात अंगणातच दगडी उखळ पुरलेलं आहे. आजी दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायची, हातानं चोळून सालं पाखडायची. मग लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. सुरुवातीला नुसतं कोरडं ठक्‌ ठक्‌. थोड्या वेळानं आवाज मऊ होतो, म्हणजे दाण्याला तेल सुटलं. चटणी मुसळाला चिकटायला लागली की आजी थोडी उचलून मुठीत दाबायची. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे तसेच राहिले, की झाली. मिक्सरचं पातं दाणा कापतं, त्याचा कोरडा भुगा होतो. उखळात दाणा चेचला जातो, म्हणून तेल बाहेर येतं आणि लसूण त्यात मुरतो. हा फरक जिभेला पहिल्या घासात कळतो.

आजी जाऊन बारा वर्षं झाली. आता आई कुटते, आणि तिचा खांदा धरतो म्हणून निम्मं मी. कुटून झालं की उखळाच्या तळाशी जे चिकटलेलं राहतं ना, ते कडक भाकरीच्या तुकड्यानं खरवडून खायचं. लहानपणी त्याच्यावरून मी आणि बहीण भांडायचो.

पूर्वभागातली

आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, दारात कधी कन्नड तर कधी दखनी. कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नाही. वडील पॉवरलूमवर टॉवेल विणायचे, आई विड्या वळायची. मला झोप लागायची ती मागांच्या खटखटीत. ती थांबली की जाग यायची.

लाईट गेली की अख्खी गल्ली एकदम गप्प. घामेजलेले कामगार बाहेर येऊन कट्ट्यावर बसायचे, केसांत कापसाची पांढरी भुरभुर. कोपऱ्यावरचा भजीवाला जणू याचीच वाट बघत असायचा. स्टो पेटवून मिरची भजी सोडायचा, पेपरच्या तुकड्यावर चार-चार, वर तळलेल्या मिरचीवर मीठ. वडील एक भजं मोडून मला अर्धं द्यायचे, आतली मिरची काढून. मग कुणीतरी ओरडायचं, "करंट वच्चिंदी!" आणि अर्धा चहा तसाच ठेवून सगळे आत. मिनिटभरात पुन्हा खटखट.

घरी मला सगळ्यात आवडायचा तो आईचा पुंटीकुरा. पुंटीकुरा म्हणजे अंबाडी. ती डाळीत शिजवून वर लसणाची सणसणीत फोडणी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी आमचे माग बंद असायचे. लाईट असूनही गल्ली शांत, असा तो एकच दिवस. मला त्या शांततेत भूक जास्त लागायची.

विजापूर वेस, रात्री अकरा

रमजानमध्ये मीना बाजारात या. कॉलेजातला मित्र दिवसभर रोजा धरून दुकान सांभाळतो, आणि रात्री मला फोन, "कुठं आहेस बे, ये की." शिगेवरून कबाब थेट ताटलीत, लिंबू, कांदा. बांगड्या, अत्तर, चपला, लेकरं, सगळी गर्दी अंगावर येते. ईदला त्याच्या अम्मीच्या हातचा शीरखुर्मा पिल्याशिवाय मला सुट्टी नाही. पंचवीस वर्षं झाली, एक ईद चुकलेली नाही.

डोंबिवलीत, मनानं सोलापुरात

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं परत निघताना आई धुतलेल्या धोतराच्या फडक्यात कडक भाकरी बांधून देते. पातळ थापलेली, तव्यावर भाजून नंतर आचेपाशी वाळवलेली. पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून ती दिवसच्या दिवस टिकते. एकदा इथल्या एका दुकानातून घेतली, मुंबईच्या दमट हवेनं मऊ पडलेली निघाली, टाकूनही देववेना. तेव्हापासून आईकडचीच, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. एका रात्री वरच्या बर्थवर बसून मोडली, कडाड्‌ आवाज झाला. खालच्या बर्थवरच्या आजोबांनी अंधारातच विचारलं, "सोलापूरच्या काय ओ?" अर्धी त्यांना दिली. कुर्डुवाडी येईपर्यंत दोघंही खात होतो.

गड्ड्यावरचा

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला या, बाकी वर्षभर काही का असेना. मिरवणुकीत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे माणसांनी पेललेल्या उंच काठ्या, बाराबंदी अंगरखा घातलेली माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, भोगीला असतो, म्हणून आमच्याकडे स्वयंपाक पहाटेच उरकतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, गरगट्टा म्हणजे घोटलेली मिश्र भाजी, लोणी. मी नंदीध्वज पेलणाऱ्यांत आहे. पोट जड असून चालत नाही, त्यामुळं सकाळी दोन घासच. उरलेलं ताट आई झाकून ठेवते, रात्री थंडगार खातो. खांदा ठणकत असतो आणि ती गार भाकरी वर्षातली सगळ्यात गोड लागते.

बारा जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबून मगच यात्रेच्या होम मैदानाकडे जायचं, ही वडिलांची सवय आहे. 1931 साली त्याच दिवशी इंग्रजांनी चौघांना फाशी दिलं होतं. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा, ही नावं मी यात्रेतल्या आकाशपाळण्यात बसण्याआधी शिकलो.

धागाकर्ता

सगळं भाच्याला वाचून दाखवलं, फोनवर. गप्प बसून ऐकलं त्यानं. शेवटी विचारलं, "मामा, ते उखळ खरंच अजून आहे?"

बाळीवेसकर, येत्या शनिवारी तो परत येतोय. दाणे मी घरून भाजून आणतो. आईंना म्हणावं, त्या दिवशी खांद्याला आराम, कुटायला आम्ही दोघं आहोत.